बाकावर बसलेला तेरा वर्षांचा मुलगा

पावसाळ्यात शाळा रुळल्या की यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर शालेय स्पर्धांची गर्दी सुरू होते. वणी, पुसद, उमरखेड, पांढरकवड्याहून मुलांच्या गाड्या येतात. १४ वर्षांखालील फुटबॉलच्या सामन्यात एक दृश्य हमखास दिसते. एका बाजूला मिसरूड फुटलेला, आवाज घोगरा झालेला मुलगा आणि समोर त्याच्या खांद्यालाही न लागणारा दुसरा. जन्मदाखला दोघांचाही खरा असतो. गोलरक्षक चेंडू लांब भिरकावतो, उंच मुलगा दोघांना खांद्याने बाजूला सारून पुढे निघतो आणि गोल करतो. चेंडूवर उत्तम ताबा असलेला तिसरा एक मुलगा मात्र चणीने लहान म्हणून बाकावरच बसून राहतो.

क्रीडाशिक्षकाला यात एकट्याला दोष देता येत नाही. स्पर्धा बहुधा बाद पद्धतीची असते. शंभरेक किलोमीटर प्रवास करून आलेला संघ पहिला सामना हरला की तासाभरात परतीच्या गाडीत बसतो. जिंकला तर पुढे अमरावती विभाग, मग राज्य. त्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण अवलंबून असतात आणि पुढे सरकारी नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाची आशाही असते. शेतकऱ्याच्या घरात ही आशा लहान नसते. तरीही १२-१३ व्या वर्षी जो सामना जिंकला जातो, तो पुष्कळदा खेळाने जिंकलेला नसतो. तो हाडांच्या वयाने जिंकलेला असतो.

मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण १२ व्या वर्षी, मुलांची १४ व्या वर्षी. पण ही झाली सरासरी. कुणाची वाढ दोन वर्षे आधी सुरू होते, कुणाची दोन वर्षे उशिरा, आणि दोन्ही अगदी निरोगी असतात. म्हणजे एकाच वर्गातल्या, एकाच वयाच्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात चार वर्षांपर्यंत फरक असू शकतो. मनगटाच्या एक्स-रेमध्ये तो स्पष्ट दिसतो. लवकर वाढलेल्या मुलाकडे स्नायू जास्त, वेग जास्त, दमही जास्त. उशिरा वाढणारा १७-१८ व्या वर्षी त्याला गाठतो, कधी मागेही टाकतो. तोवर तो मैदानावर टिकला तर.

यात जन्मतारखेचाही वाटा आहे. कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासताना १९८५ मध्ये अभ्यासकांना आढळले, की वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या फारच जास्त आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजला, तर जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, आणि निवड करणाऱ्याला तेवढाच फरक गुणवत्ता वाटतो. आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. गुरुजींनी शाळाप्रवेशाच्या वेळी १ जून ही जन्मतारीख लिहिलेली माणसे गावोगाव सापडतात. आता दाखले वेळेवर निघतात, पण दाखला अचूक असला तरी तो शरीराचे वय सांगत नाही.

नुकसान दोघांचेही होते. लहान चणीचा मुलगा दोन हंगाम बाकावर बसतो आणि तिसऱ्या हंगामात येतच नाही. हे नुकसान सहज दिसते. उंच मुलाचे दिसत नाही. त्याला चेंडू पायात घोळवण्याची, मान वर करून मोकळा जोडीदार शोधण्याची गरजच पडत नाही. धावले की काम होते. चेंडूशी पायाची ओळख व्हायची खरी वर्षे आठ ते बारा. ती गेल्यावर, बाकीचे अंगाने बरोबरीला आले की तो अडतो, आणि आदल्या वर्षीचा नायक कुठे गेला, असे लोक विचारतात.

वाढीच्या ऐन भरात मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर वाढतो. हातपाय आधी लांबतात, धड मागून येते. काही महिने त्याचा तोल बिघडतो, चेंडू सुटतो, आणि प्रशिक्षकाला वाटते पोरगा आळशी झाला. याच काळात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर दुखरा उंचवटा येतो. ऑसगुड आणि श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ मध्ये त्याचे वर्णन केले. मांडीचा स्नायू जिथे नडगीला जोडलेला असतो, तिथली कूर्चा अजून हाड झालेली नसते, आणि प्रत्येक उडीला ती ओढली जाते. टाचेतही असेच दुखते. बहुतेकांचे दुखणे सराव कमी केल्यावर बरे होते. पण ‘उपांत्य सामना आहे, तेवढा खेळून घे’ म्हणून पट्टी बांधून उतरवले, तर आठवड्यांचे दुखणे महिन्यांवर जाते. आठवड्याला सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, आणि एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती असावी, हा हिशेब बालक्रीडावैद्यकात मानला जातो. बारा वर्षांच्या मुलाला बारा तास ही कमाल मर्यादा झाली.

मुलींच्या बाबतीत प्रशिक्षकाने दमलेली मुलगी आणि रक्त कमी असलेली मुलगी यांतला फरक ओळखावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्ताक्षय आहे. दुसऱ्या सत्रात मागे पडणाऱ्या मुलीला जास्त फेऱ्या मारायला लावण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासलेले बरे.

नॉर्वेने १९८७ मध्येच मुलांच्या खेळासाठी वेगळे नियम केले. तिथे ११ वर्षांपर्यंत गुणतालिका नसते आणि १३ पर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नसते. मुले खेळतात, गोल मोजतात, हरल्यावर रडतातही. फक्त मोठी माणसे त्याचा तक्ता लावत नाहीत. एर्लिंग हालांड त्याच पद्धतीत, ब्रिन या छोट्या गावच्या क्लबात वाढला. लहानपणी तो काटकुळा होता, उंची नंतर झपाट्याने आली. आपल्याकडेही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये बेबी लीगची कल्पना मांडली: छोटे मैदान, कमी खेळाडू, प्रत्येकाच्या पायाला जास्त वेळा चेंडू. आणि शेजारच्या नागपुरात २००१ मध्ये क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी पावसात तुटकी बादली लाथाडणारी वस्तीतली पोरे पाहून ‘स्लम सॉकर’ सुरू केले, तेव्हा खेळायला येणाऱ्याची उंची कुणी विचारली नव्हती.

जिल्ह्यात यासाठी फार खर्च लागत नाही. १४ वर्षांखालील स्पर्धेचा पहिला टप्पा बादऐवजी साखळी पद्धतीने घेता येईल, म्हणजे प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतील. प्रत्येक मुलाला निम्मा वेळ खेळवायचे, हे प्रशिक्षकाला आजही ठरवता येते. आणि उंची मोजायला लागते एक टेप. दर तीन महिन्यांनी भिंतीवर खूण केली की कोण वाढीच्या भरात आहे ते कळते. त्याच्या उड्या आणि धावा तेवढ्या काळापुरत्या कमी करायच्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत, आश्रमशाळांत वर्षातून एकदा येते. डॉक्टर मुलांची उंची-वजन घेतात, डोळ्यांच्या पापण्या उलटून रक्त पाहतात, नोंदी करतात. एका वर्षाची उंची दुसऱ्या वर्षीच्या उंचीतून वजा केली, की वाढीचा वेग हातात येतो. संघ निवडायच्या दिवशी मात्र ती नोंद कार्यालयातल्या कपाटात असते, आणि क्रीडाशिक्षक मैदानावर मुलांना उंचीनुसार रांगेत उभे करत असतात.