गीझर बदलताय? आधी ही गरमागरम माहिती घ्या!

जुना गीझर खाली, नवा वर. घरच्या घरी होण्यासारखं काम! पण मंडळी, हातात पाना घ्यायच्या आधी या पांढऱ्या डब्याच्या पोटातल्या गमतीजमती ऐकाच.

पहिल्या गीझरला धुराडंच नव्हतं, माहीत आहे का? साल १८६८, शहर लंडन. बेंजामिन मॉघन यांनी गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘गीझर’. पाणी झकास तापायचं, पण जळलेला गॅस थेट न्हाणीघरात! आपल्या तांब्याच्या बंबाला मात्र मधोमध धुराची नळी असते. बंब झिंदाबाद!

आता कामाला लागू. एमसीबी खाली पाडला, टेस्टरने तपासलं, गार पाण्याचा कॉक बंद केला. गरम पाण्याचा नळ सोडला, की टाकी रिकामी होणार ना? अजिबात नाही! गरम पाण्याच्या नळीचं तोंड टाकीच्या आत पार वर असतं. खालून गार पाणी ढकलतं, तेव्हा कुठे वरचं गरम पाणी नळाला येतं. म्हणजे गार पाणी नसेल, तर गरमही नाही! म्हणून गार बाजूचा व्हॉल्व्ह काढायचा आणि गरम नळ उघडाच ठेवायचा, म्हणजे तिकडून हवा आत शिरते. खाली बादली हवीच. १५ लिटरच्या टाकीत १५ किलो पाणी असतं आणि ते बदाबदा येतं.

हे माझं सगळ्यात लाडकं! टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. तिचं काम एकच, स्वतः झिजायचं. गंज तिला खातो, त्यामुळे टाकीचं पोलाद वाचतं. ही युक्ती कुणाची, माहीत आहे का? रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची, १८२४ सालची, आणि तीही ब्रिटिश नौदलाच्या जहाजांसाठी! तळाचा तांब्याचा पत्रा समुद्रात झिजू नये म्हणून त्यांनी त्याला लोखंड आणि जस्त जोडलं. पत्रा वाचला, पण लगेच त्याला शंख-शिंपले चिकटले, कारण विरघळणारं तांबंच त्यांना दूर ठेवत होतं. गीझरमध्ये ती अडचण नाही. जुना उतरवलाच आहे, तर खालचं झाकण खोलून कांडी बघा. मध्ये नुसती तार उरली असेल, तर टाकी का गळली ते कळलंच! नव्या गीझरची कांडी वर्ष-दोन वर्षांनी तपासून घ्या.

साखर गरम पाण्यात पटकन विरघळते, बरोबर? पाण्यातला चुना नेमका उलटा! पाणी तापलं की तो बाहेर पडतो आणि कॉइलवर पांढरं कवच चढवतो. बोअरवेलवाल्यांनो, ऐकताय ना?

नळ्या जोडायला टेफ्लॉन टेप घेतलीत? १९३८ मध्ये अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांच्याकडे गॅसचा एक सिलिंडर होता. वजन भरलेल्या सिलिंडरचं, पण गॅस बाहेरच येईना! शेवटी करवतीने कापला, तर आत पांढरी पावडर. तेच टेफ्लॉन! टेप आट्यांवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली, तर जोड आवळताना सुटून येते.

लेबलवर ‘८ बार’ लिहिलंय? म्हणजे तब्बल ८० मीटर उंच पाण्याचा दाब! टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी हा आकडा वाचल्याशिवाय बिल करू नये.

झटपट गणित! १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.६ युनिट वीज लागते. दोन किलोवॅटचा गीझर हे काम १८-२० मिनिटांत उरकतो. मग तासभर आधी बटण कशाला?

ही सगळी वीज वाचवायची आहे? इस्राएलने १९८० सालीच नव्या घरांवर सोलर हीटर बंधनकारक केला. आणि कोकणातल्या तुरळला तर गरम पाणी जमिनीतूनच येतं!

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटरमागे साधारण २०० मिली, म्हणजे पेलाभर! सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब-थेंब गळतं ते यामुळेच. थेंब नको म्हणून तिथे बूच मारणारे लोक आहेत. प्लीज, कधीही नाही! थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही बिघडले, तर हा व्हॉल्व्हच तुम्हाला वाचवतो. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,६०० पट जागा मागते. ‘मिथबस्टर्स’ या टीव्ही कार्यक्रमात सेफ्टी बंद करून हीटर तापवला, तेव्हा तो छत फोडून रॉकेटसारखा आकाशात गेला होता!

वायरिंग आणि अर्थिंग मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. दोन किलोवॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, तिथे १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. आणि गरम नळाला सलग धार येईपर्यंत बटणाला हात लावू नका. कोरड्या टाकीत नवी कोरी कॉइल पहिल्याच दिवशी जळते.