दर्या आणि दऱ्या

समजा, हरियाणातील मानेसरच्या एखाद्या कारखान्यात काम करणाऱ्या मराठी तरुणाने घरी निरोप लिहिला, 'इथे अरवलीचे डोंगर आहेत. पण आपल्याकडच्यासारख्या दऱ्या नाहीत.' घरच्या मोबाइलवर 'दऱ्या'ऐवजी 'दर्या' उमटले, तर डोंगराच्या जागी समुद्र येईल!

संगणक अक्षरांची चित्रे साठवत नाही, क्रमांक साठवतो. युनिकोड या जागतिक संकेतव्यवस्थेत वरील दोन्ही शब्दांना पाच-पाच क्रमांक लागतात. फरक एवढाच, की 'दर्या'त साधा र असतो, तर 'दऱ्या'त खाली टिंब असलेला ऱ. पडद्यावर मात्र एकाचा रफार 'या'च्या डोक्यावर चढतो आणि दुसऱ्याची पापणीसारखी वळलेली रेघ 'या'च्या अलीकडे जोडली जाते. 'कि' लिहिताना तर क नंतर साठवलेली वेलांटी त्याच्या आधी काढावी लागते.

हे सारे नियम प्रत्येक आज्ञावलीकाराने नव्याने लिहायचे म्हटले, तर एक जन्म पुरणार नाही. म्हणून तो तयार आज्ञांचा संच वापरतो. त्याला 'लायब्ररी' म्हणतात. पुस्तकांशी तिचा संबंध नाही. हार्फबझ ही लायब्ररी क्रमांकांवरून योग्य अक्षररूपे निवडते आणि त्यांच्या जागा ठरवते. १९९६ मध्ये सुरू झालेली फ्रीटाइप त्या रूपांच्या बाह्यरेषांचे ठिपक्यांत रूपांतर करते. रेषा, वक्र आणि रंग यांचे काम कैरो किंवा स्किया यांसारख्या लायब्रऱ्या करतात.

या लायब्रऱ्या कोणत्याही एका यंत्राला बांधलेल्या नाहीत. मूळ आज्ञा त्याच राहतात; त्या लिनक्स, विंडोज वा अँड्रॉइड यांसाठी फक्त वेगवेगळ्या संकलित कराव्या लागतात. अँड्रॉइड, फायरफॉक्स, क्रोम आणि लिबरऑफिस या सर्वांत हार्फबझच आहे. त्यामुळे तिच्यात झालेली एक दुरुस्ती नव्या आवृत्त्यांबरोबर सर्वत्र पोहोचते.

शिवाय त्या मुक्त स्रोत आहेत, म्हणजे त्यांच्या आज्ञा कोणीही वाचाव्यात, बदलाव्यात आणि इतरांना द्याव्यात, अशी परवान्यातच मुभा असते. मराठीच्या दृष्टीने हीच गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. पापणीसारखा हा र मराठीप्रमाणे नेपाळीत आहे, हिंदीला मात्र त्याची गरज पडत नाही. केवळ मोठी बाजारपेठ पाहणाऱ्या कंपनीने त्याकडे दुर्लक्ष केले, तर बंद आज्ञावलीपुढे आपला इलाज चालत नाही.

अर्थात फाँटमध्ये ते रूपच नसेल, तर लायब्ररीही ते कोठून आणणार? तुमच्या मोबाइलवर 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे शब्द लिहून पाहा. पहिला गुरूंसाठी आहे, दुसरा स्वयंपाक्यांसाठी.