पोलादाआधीचे दान

इ. स. १९०१ मध्ये अँड्र्यू कार्नेगी याने पिट्सबर्गचा आपला पोलादाचा अवाढव्य कारभार जे. पी. मॉर्गन याच्या हवाली केला, ४८ कोटी डॉलरांत सौदा मिटला, आणि उरलेले आयुष्य त्या गृहस्थाने ग्रंथालये बांधण्यात, पाठशाळा काढण्यात आणि संशोधनाला वर्षासने लावून देण्यात वेचले. आधी संचय आणि मग त्याग असा त्याच्या चरित्राचा क्रम आहे. ज्या होमस्टेडच्या कारखान्यापुढे १८९२ च्या संपात मजुरांचे रक्त सांडले, त्याच कारखान्याच्या नफ्यातून पुढे वाचनालयांच्या कमानी उभ्या राहिल्या, याचा विसर त्याच्या टीकाकारांना कधी पडला नाही. नेमक्या त्याच काळात मुंबईतील एक गिरणीमालक हा क्रम उलटा करून बसला होता. जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी विद्येसाठी आपली मालमत्ता तोडून देऊ केली तेव्हा त्यांच्या पदरी पोलादाचा एक तुकडाही नव्हता, आणि ते दान बंगळूरच्या भूमीत रुजले तेव्हा ते स्वतः हयात नव्हते.

पोलादाचे स्वप्न त्यांना पडले ते मात्र आपल्याच मराठी मुलखात. नवसारीच्या धर्मोपदेशकांच्या घराण्यात १८३९ साली जन्मलेल्या या पुरुषाने १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे १८८२ मध्ये फॉन श्वार्त्झ नामक जर्मन तज्ज्ञाचा, चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या खनिजाविषयीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला, आणि वरोऱ्याच्या कोळशावर चांद्याचे लोखंड गाळावे, ही कल्पना त्यांच्या मनात घर करून राहिली. परंतु वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा ठरेना, आणि खाणींचे सरकारी कायदे तर असे जाचक की कोणी शहाण्याने त्या फंदात पडू नये. १८९९ मध्ये ते कायदे सैल झाल्यावर, १९०२ साली, वयाची साठी उलटलेले जमशेटजी अमेरिकेस गेले, पिट्सबर्गच्या भट्ट्या पाहिल्या, ज्यूलियन केनेडी यांचा सल्ला घेतला आणि त्यांच्याच सांगण्यावरून न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन यांना हिंदुस्थानात येण्यास राजी केले. पेरिन यांचे सहकारी वेल्ड यांनी चांद्याचे रान तुडवले खरे, पण कारखान्याला पुरेल असा साठा तेथे हाती लागला नाही. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातील लोहखनिजाविषयी पत्र धाडले आणि चांद्याचा मान कायमचा पूर्वेकडे गेला. ते पत्र आल्यानंतर तीन महिन्यांच्या आत जमशेटजी जर्मनीत निवर्तले.

दानाची हकिकत याहून अधिक गुंतागुंतीची आहे, आणि आमच्या मते अधिक बोधकही. १८९८ मध्ये मुंबईतील इमारती व जमिनी मिळून ३० लक्ष रुपयांची मालमत्ता उच्च संशोधनाच्या विद्यापीठासाठी देण्याची तयारी जमशेटजींनी दाखविली. आपले सहकारी बरजोरजी पादशहा यांना त्यांनी त्याआधीच युरोपातील विद्यापीठे न्याहाळण्यासाठी धाडले होते. मसुदा तयार झाला आणि ३१ डिसेंबर १८९८ रोजी, म्हणजे कर्झनसाहेबांनी मुंबई बंदरात पाय ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तो त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. नव्या व्हाइसरॉयांनी दोन शंका काढल्या: एवढे शिकणारे विद्यार्थी कोठून मिळणार, आणि शिकून निघाल्यावर त्यांना चाकरी कोण देणार? पुढे खलित्यांना उत्तरे आणि उत्तरांना खलिते, असा व्यवहार वर्षानुवर्षे चालला. दोष एकट्या सरकारचा होता असेही म्हणवत नाही. आपल्या घराण्याच्या निर्वाहाची तजवीज आणि संस्थेची देणगी एकाच विश्वस्तपत्रात गुंफण्याचा जमशेटजींचा मूळ बेत होता; धर्मादाय आणि वारसा यांची ही मिसळ सरकारला संशयास्पद वाटली, आणि ती तशी वाटणे अगदीच गैर नव्हते. अखेर तो आग्रह त्यांनी सोडला. संस्थेला आपले नाव द्यावे, ही इच्छा मात्र त्यांनी कधीच धरली नव्हती. बंगळूरचे लोक आजही तिला 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात, हा लोकांचा स्वतंत्र निवाडा आहे.

जागेचा प्रश्न उरला. लंडनचे विख्यात रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांनी देश हिंडून बंगळूरची शिफारस केली. पुढे मॅसन आणि क्लिबर्न यांच्या समितीने रुडकीचाही विचार केला. परंतु म्हैसूर दरबाराने जे औदार्य दाखविले त्यापुढे दुसरे कोणतेही स्थळ टिकणे शक्य नव्हते. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या अमदानीत ज्या बोलण्याला आरंभ झाला, त्याचे पर्यवसान १९०७ मध्ये ३७१ एकर जमिनीच्या दानात झाले. शिवाय इमारतींसाठी ५ लक्ष रुपये आणि सालाना ५० हजारांचे अनुदान. टाटांचे नाव सर्वतोमुखी आहे, म्हैसूरच्या या वाट्याचे स्मरण फारसे कोणी करीत नाही. वास्तविक त्या दरबाराची साथ नसती तर ही देणगी सरकारी दप्तरात आणखी किती काळ पडून राहिली असती कोण जाणे.

२७ मे १९०९ रोजी संस्थेच्या स्थापनेचा सरकारी हुकूम निघाला. क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन या वायूंच्या शोधात रॅम्से यांचे सहकारी असलेले मॉरिस ट्रॅव्हर्स यापूर्वीच संचालकपदी आले होते. मुख्य इमारतीचा आराखडा सी. एफ. स्टीव्हन्स यांचा, आणि त्यांच्या वडिलांनी बांधलेले बोरीबंदरचे स्थानक तर मुंबईकरांच्या नित्य परिचयाचे. १ फेब्रुवारी १९११ रोजी महाराज कृष्णराज वोडेयर यांनी कोनशिला बसविली आणि त्याच जुलैत पहिले विद्यार्थी दाखल झाले. टाटांच्या साकची येथील कारखान्यातून पहिले पोलाद बाहेर पडले ते फेब्रुवारी १९१२ मध्ये. म्हणजे विद्येने पोलादावर सात महिन्यांची आघाडी घेतली.

मराठी वाचकाच्या मनात टाटा या नावाभोवती निर्मळ कौतुकच असेल असे नाही. मुळशीच्या खोऱ्यात १९२१ साली शेतकऱ्यांनी टाटांच्या वीजनिर्मितीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्यापायी तुरुंगवास भोगला. आणि पाण्यापासून वीज काढण्याची मूळ कल्पनाही जमशेटजींचीच होती. परंतु बंगळूरच्या खात्यात मराठी माणसाची जमेची बाजू ठसठशीत आहे. गॉटिंगेनला प्रान्ट्ल यांच्या हाताखाली शिकलेले विष्णु माधव घाटगे यांचा येथील विमानविद्येच्या विभागाच्या उभारणीत पुढाकार होता, आणि त्यांनीच पुढे 'एच. टी. २' हे शिकाऊ विमान रचले.

कमला भागवत यांची कथा निराळी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही याच संस्थेत रसायनशास्त्र शिकून बाहेर पडलेले. थोरली बहीण दुर्गाबाई पुढे मराठी साहित्याची मानकरी झाली. मुंबई विद्यापीठात पहिली येऊन १९३३ मध्ये कमलाबाईंनी बंगळूरला अर्ज केला, तो संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणाने फेटाळला. ज्या संस्थेचा संसार मुंबईतील घरभाड्यांवर चालत होता, तिने मुंबईच्याच गुणवंत मुलीला दारातून परत लावावे, असे दात्याने कुठल्या मसुद्यात लिहून ठेवले होते? कमलाबाईंनी नकार मानला नाही. कारण विचारले, हट्ट धरला, आणि वर्षभराची उमेदवारी पत्करून आत पाऊल टाकले. श्रीनिवासय्या यांच्या प्रयोगशाळेत दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले. वर्ष सरताच रामन यांनी त्यांचा प्रवेश कायम केला आणि पुढे इतर मुलींनाही दार उघडले. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतलेल्या या बाई कालांतराने, कमला सोहोनी या नावाने, मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या.