चार चौकटींची चारोळी

सोलमधल्या फोटोबूथच्या छोट्याशा खोलीत फोटोग्राफर नसतो. ‘हनुवटी वर, जरा डावीकडे’ असं दटावणारं कुणी नाही. समोर आपणच दिसतो असा स्क्रीन, त्यावर उलटे पळणारे आकडे आणि दाटीवाटीने उभ्या तीन मैत्रिणी. आकडा शून्यावर आला की फोटो निघतो आणि लगेच पुन्हा उलटी मोजणी सुरू. सात-आठ वेळा हा खेळ झाला की त्यातले चार फोटो निवडायचे. थोड्याच वेळात गुळगुळीत उभी पट्टी हातात येते.

कोरियात या पट्टीला सर्रास ‘इन्सेंग नेकट’ म्हणतात. इन्सेंग म्हणजे आयुष्य, ने म्हणजे चार आणि कट तो इंग्रजीतला. मुळात हे २०१७ साली सुरू झालेल्या एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडे वनस्पती तूप कुठलंही असो, त्याला डालडाच म्हणायचे, तसं झालं. यंत्राची कल्पना मात्र बरीच जुनी. सायबेरियातून अमेरिकेत गेलेल्या अनातोल जोसेफोने १९२५ साली न्यू यॉर्कमध्ये २५ सेंटमध्ये आठ फोटो देणारं यंत्र मांडलं. पुढे १९९५ साली जपानने अशा फोटोंचे स्टिकर केले आणि ती हौस कोरियात पोचली.

आता पोझ. हनुवटीखाली दोन्ही तळवे फुलवून धरायचे, याला कोरियन भाषेत ‘क्कोतबातचिम’ म्हणतात. शाळेत आपण फुलाचा ‘निदलपुंज’ शिकलो, तोच हा शब्द! तळवे म्हणजे पाकळ्यांखालची हिरवी वाटी आणि चेहरा म्हणजे फूल. इतका नेमका वनस्पतिशास्त्रीय लाडिकपणा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. अंगठा आणि तर्जनी यांची टोकं एकमेकांवर तिरकी टेकवली की होतं बोटांचं बदाम. आपल्याकडे जवळपास याच चिमटीने ‘पैसे काढा’ असं खुणावतात, तेव्हा जरा जपून. आणि हसायचं असेल तर ‘किमची’ म्हणायचं. शेवटच्या ‘ई’ने ओठ आपोआप फाकतात, या हिशेबाने आपली ‘भाकरी’सुद्धा चालेल.

काही बूथमध्ये कॅमेरा छताजवळ असतो आणि सगळे माना वर करून पाहतात. डोकी मोठी, पाय चिमुकले, अगदी व्यंगचित्रासारखं. यात जादू नाही, अंतराचा हिशेब आहे. चेहरा कॅमेऱ्यापासून अर्ध्या मीटरवर आणि पाय दीड मीटरवर असले, तर पाय त्या मानाने एक तृतीयांश आकाराचेच दिसणार. म्हणून बदामाचा हात भिंगाकडे पुढे करा आणि चेहरा मागे ठेवा. बदाम टपोरं दिसतं, चेहरा नाजूक.

पण माझ्या मते खरी मजा एकेका पोझमध्ये नाहीच. चार चौकटींच्या चित्रकथेलाही कोरियन लोक ‘नेकट’च म्हणतात, आणि तिची बांधणी ठरलेली: सुरुवात, वाढ, कलाटणी, शेवट. आपल्या चारोळीचाही जीव त्या कलाटणीतच असतो. मग चारही चौकटींत एकसारखं गोड का हसायचं? पहिल्या चौकटीत एकटीच, पासपोर्टला बसल्यासारखी गंभीर. दुसरीत बाजूने एक हात शिरतो. तिसरीत सगळ्या जणी कोसळतात. चौथीत माणसं गायब. कोपऱ्यात फक्त सशाच्या कानांचा हेअरबँड उंच धरलेला.

पट्टी उभी असते, याचाही फायदा घ्यावा. वरच्या चौकटीत ओंजळीतून खाली पाणी ओतल्यासारखं करा, खालच्या चौकटीत डोळे मिटून, हात डोक्यावर धरून भिजा. दोन फोटोंच्या मधल्या पांढऱ्या रेघेतून पाणी आरपार पडल्यासारखं वाटतं. फोटो निघाले कुठल्याही क्रमाने, तरी लावताना क्रम आपलाच. म्हणजे मोजणीच्या घाईत अभिनय करायचा आणि संपादन मग निवांत.

पट्टीवर क्यूआर कोडही छापलेला असतो. तो मोबाइलवर उघडला की बऱ्याच ठिकाणी एक झरझर पळणारी चित्रफीत मिळते, दोन फोटोंच्या मधल्या सेकंदांची. त्यात चष्म्यांची अदलाबदल, ‘अगं, माझा पाय!’ असं ओरडणारा पण आवाज नसलेला चेहरा, आणि एक जण अजूनही स्वतःचे केस सावरतेय, मोजणी शून्यावर आली तरी.