जुन्या पॉवर टिलरच्या गिअरपेटीची दुरुस्ती

मुळशी, मावळ व भोर तालुक्यांतील भातखाचरांत चिखलणीसाठी पॉवर टिलर वापरला जातो. बंगळूर येथे १९६७ साली स्थापन झालेल्या व्ही. एस. टी. कंपनीने मित्सुबिशी या जपानी कंपनीच्या सहकार्याने अशी यंत्रे आपल्या देशात तयार करण्यास प्रारंभ केला. भाताचे रोप २१ ते २५ दिवसांचे झाले म्हणजे लावणी व्हावयास हवी. आणि जुने यंत्र बंद पडते तेही बहुधा त्याच आठवड्यात. याचे कारण दैव नव्हे, तर चिखल होय.

इंजिनाची शक्ती पट्ट्यांवरून मुख्य क्लचकडे, तेथून गिअरपेटीत व शेवटी चाकांच्या आसाकडे जाते. चिखलणीच्या वेळी हा आस पाण्याच्या अगदी लगत फिरतो. गिअरपेटीतील तेल बाहेर जाऊ नये व बाहेरचे पाणी आत येऊ नये यासाठी आसावर रबरी ओठाचे ऑइल सील बसविलेले असते. हा ओठ झिजला की गाळाचे पाणी आत शिरते, बेअरिंग झिजते, शाफ्ट हलू लागतो व मग गिअरचे दाते एकमेकांत पूर्ण बसत नाहीत. सर्वांत स्वस्त भागाकडे दुर्लक्ष झाल्याने सर्वांत महाग भाग जातो, असा हा क्रम आहे.

म्हणून पेटी उघडण्यापूर्वी थोडे तेल भांड्यात काढून पाहावे. ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे असे समजावे. तेलात लोहचुंबक फिरवावे. बारीक काळपट भुकटी चिकटल्यास फारशी चिंता नको, परंतु चमकणारे कण वा तुकडे निघाल्यास पेटी उघडलीच पाहिजे. आवाजही पुष्कळ सांगतो. एकाच गिअरमध्ये खडखड होत असेल तर त्या जोडीचे दाते तपासावेत. सर्व गिअरमध्ये सारखीच घरघर असेल तर बहुधा बेअरिंग गेलेले असते. गिअर आपोआप सुटत असेल तर अनेकजण प्रथम गिअरच बदलतात. हे बरोबर नाही. गिअर सरकविणारा काटा आणि त्याला जागेवर धरून ठेवणारी गोळी व स्प्रिंग ही आधी पाहावीत. कित्येकदा दोष एवढ्याशा स्प्रिंगमध्येच असतो.

पेटी उघडताना यंत्र सपाट जागी टेकू देऊन उभे करावे व इंजिनाचे पट्टे काढून ठेवावेत. प्रत्येक चकती कोणत्या बाजूस होती याची खूण करावी. सर्व भाग डिझेलने धुऊन वाळवावेत, मगच झीज नजरेस येते. तुटलेला दाता वेल्डिंगने भरून घेण्याचा मोह टाळावा. दात्याचा पृष्ठभाग उष्णतेच्या विशेष प्रक्रियेने कठीण केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो काठिण्य गमावतो आणि असा दाता पुन्हा तुटताना शेजारच्यांसही घेऊन जातो. झिजलेले गिअर जोडीनेच बदलावेत.

गिअर त्या कंपनीचेच लागतात, परंतु बेअरिंगचे तसे नाही. पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत पंपाचे स्टार्टर व तारा घेण्यास शेतकरी जातातच. लोखंडी सामान व हत्यारे शेजारच्या रविवार पेठेतील बोहरी आळीत, तर वाहनांचे सुटे भाग नाना पेठेत मिळतात. पंपाच्या मोटारीतील बेअरिंग असो वा गिअरपेटीतील, त्यांच्या क्रमांकाची पद्धत एकच असते. ६२०५ या क्रमांकातील शेवटच्या ०५ ला ५ ने गुणले म्हणजे आतील छिद्राचा व्यास २५ मि.मी. निघतो, बाहेरील व्यास ५२ मि.मी. व रुंदी १५ मि.मी. असते. ६३०५ चे छिद्रही २५ मि.मी.चेच, परंतु बाहेरील व्यास ६२ मि.मी. असतो. तेव्हा केवळ ‘पंचवीसचे बेअरिंग’ मागणारा फसतो. क्रमांकापुढील अक्षरेही उतरवून घ्यावीत, कारण पत्र्याच्या झाकणांचे व उघडे बेअरिंग यांचा भेद त्यांवरूनच कळतो. सीलवरील ३५-५२-७ अशा अंकांचा अर्थ शाफ्टचा व्यास, घराचा व्यास व जाडी असा आहे. सर्वांत उत्तम म्हणजे जुना भाग फडक्यात गुंडाळून बरोबर न्यावा. तोंडी वर्णनावरून दुकानदार तरी काय ओळखणार?

बेअरिंग शाफ्टवर चढविताना आतील कड्यावरच नळीचा तुकडा टेकवून ठोकावे. बाहेरील कड्यावर घाव घातल्यास गोळ्यांचे मार्ग खचतात व नवे बेअरिंग महिनाभरात आवाज करू लागते. सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवावी, ओठास थोडे तेल लावावे. जुन्या सीलने शाफ्टवर चर पाडला आहे काय हे नखाने तपासावे. नख अडकल्यास नवे सीलही गळणार हे निश्चित. जागा असल्यास ते एक-दोन मि.मी. सरकवून बसवावे, नसल्यास शाफ्टची दुरुस्ती कुशल कारागिराकडून करून घ्यावी.

जोडणीनंतर माहितीपुस्तिकेत सांगितलेले तेल खुणेपर्यंत भरावे व यंत्र दहा मिनिटे बिनओझ्याने चालवून प्रत्येक गिअर टाकून पाहावा. पहिल्या दिवसाच्या चिखलणीनंतर चाकाजवळचा आस पुसून गळती तपासावी आणि पेटीतील तेलाचा रंग पुन्हा एकदा पाहावा.