कोयत्याच्या हिशेबात न येणारी मुले

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील नांदगाव तालुका अवर्षणाचा म्हणून सरकारदप्तरी जुना परिचित आहे, आणि पांझण येथील गिरणेचे मोठे धरण याच तालुक्याच्या हद्दीत असले तरी त्याचे कालवे मुख्यत्वे जळगाव जिल्ह्यातील शिवारे भिजवीत असल्यामुळे, येथील कोरडवाहू शेतकऱ्याला आणि भूमिहीन मजुराला खरीप उरकताच निर्वाहासाठी परमुलखाची वाट धरावी लागते. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते; ती फेडण्यासाठी वाड्यावस्त्यांवरची आणि तांड्यांवरची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास भांडीकुंडी, बाजरीची पोती आणि लेकरे यांसह साखर कारखान्यांच्या मुलखात ऊसतोडीला जातात व उन्हाळ्यात परततात. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच काळात येते.

या धंद्यात नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्यावर मिळते, मजुरी टनावर मिळते, आणि माणशी हजेरीपट कोठेच नसल्यामुळे त्या टनात लेकराच्या हातांचा वाटा किती, हे मुकादमाच्या वहीत किंवा कारखान्याच्या वजनकाट्यावर कधीच उमटत नाही. पहाटेच्या अंधारात आईबाप फडात गेले की दहा-अकरा वर्षांची मुलगी खोपीवर राहून धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. तिच्याच वयाचा मुलगा तोडलेला ऊस गोळा करतो, वाढे बांधतो, बैलांचे चारापाणी पाहतो. आणि आणखी दोन-तीन वर्षांनी तोच मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढू लागतो. मुलीचे लग्न तर पंधराव्या-सोळाव्या वर्षीच उरकण्याची घाई होते, कारण एकट्या माणसाला अर्ध्या कोयत्याचीच उचल मिळते आणि जोडी जमली म्हणजे कोयता पुरा होतो. बालविवाहाचे मूळ केवळ रूढीत शोधणाऱ्या विद्वानांनी मुकादमाची वहीही एकदा उघडून पाहावी, असे मला फार वाटते.

कायदे नाहीत असे नाही. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीत घेण्यास मनाई केली, म्हणजे सात वर्षे पुरी झालेल्या मुलाला दिवसाचे नऊ तास राबवणे त्या काळी विधिसंमत ठरले; आणि त्यानंतर एकाच वर्षाने जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी मांडली. आजचा १९८६ चा अधिनियम, २०१६ च्या दुरुस्तीसह, चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही कामावर ठेवू देत नाही. मात्र शाळेच्या वेळेबाहेर किंवा सुटीत कुटुंबाच्या स्वतःच्या व्यवसायाला हातभार लावण्याची मुभा तो देतो. या मुभेच्या आडोशाला ऊसतोडही बसवली जाते, आणि ती तेथे मुळीच बसत नाही: ऊस दुसऱ्याचा, कारखाना दुसऱ्याचा, पैसा मुकादमाचा, आणि पौषात फडावर दिसणारे मूल शाळा बुडवूनच तेथे आलेले असते.

कर्जापोटी मुलांचे श्रम गहाण टाकणारा करार रद्दबातल ठरवणारा कायदा १९३३ सालीच झाला होता. तरीही याच जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले थोड्याशा रकमेसाठी आणि एखाद्या मेंढीसाठी नगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे राबत होती, हे २०२२ साली एका लहान मुलीचा मृत्यू झाल्यावर जगाला कळले.

नांदगाव तालुक्यातील मनमाड स्थानकावर, व त्याआधी भुसावळला, ३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची ५९ मुले मजुरीसाठी नेली जात असल्याच्या संशयावरून उतरवून घेण्यात आली. सोबतच्या पाच जणांवर गुन्हे दाखल झाले, त्यांना तुरुंगवास घडला, आणि मुले मदरशांत शिकायला निघाली होती हे स्पष्ट होऊन २०२४ मध्ये तो सारा गैरसमज ठरला. मुलांच्या काळजीपोटी रेल्वेचे डबे तपासले जावेत यात वावगे काहीच नाही. पण त्याच तालुक्यातून दर हंगामाला उघड्या ट्रकवर बसून जाणाऱ्या मुलांना कोणी कोठे चाललात असे विचारीत नाही, याचे मला अतीव दुःख होते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे १३ कोटी ८० लाख मुले श्रमात गुंतलेली होती, आणि त्यांतील सुमारे ६१ टक्के शेतीच्या कामात. घाना आणि आयव्हरी कोस्टमधील कोकोच्या बागांतही मुले बहुधा आपल्याच आईबापांच्या शेजारी राबतात, त्यामुळे मालक शोधत जाणारा निरीक्षक तेथेही रिकाम्या हातांनी परततो.

कारखान्यांच्या तळावर साखरशाळा काढण्याचा प्रयोग सद्भावनेचा होता, परंतु तळावर आलेले मूल कामाच्या हाकेच्या अंतरावरच राहते; म्हणून मला त्याहून गावातले हंगामी वसतिगृह श्रेयस्कर वाटते. राज्य शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढण्याची योजना जाहीर केली, ती योग्यच होय. मात्र स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी ग्रामसेवक व मुख्याध्यापक यांनी भाद्रपदातच तयार करून वसतिगृह घटस्थापनेपर्यंत सुरू व्हावयास हवे, म्हणजे मुकादमाचा ट्रक येण्यापूर्वी मुलाची सोय लागलेली असेल. आणि तान्ह्या मुलांसाठी तळावर पाळणाघर चालवण्याची जबाबदारी कारखान्यांवर टाकली नाही, तर वसतिगृहात भावाला जागा मिळेल आणि थोरली बहीण मात्र पूर्वीप्रमाणेच आईबरोबर खोपीवर जाईल.