किशींचा करार आणि बहुमताची घाई

टोकियोच्या सुगामो तुरुंगात २३ डिसेंबर १९४८ रोजी जनरल तोजो यांना फाशी देण्यात आली. दुसऱ्याच दिवशी नोबुसुके किशी त्याच तुरुंगातून खटल्यावाचून सुटले. तोजो मंत्रिमंडळात ते व्यापार व उद्योगमंत्री होते. १९४१ च्या युद्धघोषणेवर त्यांचीही सही होती. असा हा गृहस्थ फेब्रुवारी १९५७ मध्ये पंतप्रधान झाला. त्यांच्या कर्तबगारीइतकाच त्यात शीतयुद्धाचाही वाटा होता. कालचा शत्रू अमेरिकेला आता मित्र म्हणून हवा होता. त्याच वर्षी मे महिन्यात किशी भारतात आले. भारताला भेट देणारे ते पहिले जपानी पंतप्रधान.

किशींना संधिसाधू ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांचे मुख्य कार्य इतके सहज झटकून टाकता येत नाही. १९५१ चा सुरक्षा करार जपानला कमीपणा आणणारा होता. अमेरिकी फौजा जपानी भूमीवर राहणार, अंतर्गत दंगे मोडण्यासाठीही वापरता येणार, परंतु जपानच्या संरक्षणाची स्पष्ट हमी मात्र नाही. जानेवारी १९६० मध्ये सही झालेल्या नव्या करारात दंग्यांचे कलम गेले, हमी आली आणि दहा वर्षांनंतर करार संपविण्याची मुभाही मिळाली. परकीय तळ आपल्याला पुन्हा युद्धात ओढतील, ही विरोधकांची भीती त्याने शमली नाही. हिरोशिमानंतर पंधरा वर्षांनी ती शमावी कशी?

या भीतीला उत्तर देण्याऐवजी किशींनी संख्याबळ वापरले. आयसेनहॉवर १९ जूनला येणार होते. वरिष्ठ सभागृहाच्या संमतीवाचून करार मंजूर व्हायचा तर कनिष्ठ सभागृहाच्या मंजुरीनंतर तीस दिवस जावे लागत. म्हणून १९ मेच्या रात्री संसदेत पोलीस बोलावून, सभापतींची वाट अडवून बसलेल्या समाजवादी सदस्यांना उचलून बाहेर काढण्यात आले, आणि मध्यरात्रीनंतर विरोधकांच्या अनुपस्थितीत करार संमत झाला. खुद्द किशींच्या पक्षातील काही सदस्यही तेथे नव्हते. ज्यांना कराराची कलमे ठाऊक नव्हती तेही त्यानंतर रस्त्यावर उतरले. मूक जनता आपल्या बाजूस आहे, असे किशी सांगत राहिले. १५ जूनला संसदेच्या आवारातील चकमकीत टोकियो विद्यापीठाची एक विद्यार्थिनी मृत्युमुखी पडली. आयसेनहॉवर यांची भेट रद्द झाली. करार अमलात आला आणि किशींना पद सोडावे लागले.

१९७० साली कराराची दहा वर्षे पुरी झाली. तो संपविण्याची मुभा जपानने वापरली नाही. त्या वेळी पंतप्रधान होते एइसाकु सातो, किशींचे सख्खे धाकटे बंधू.